सहा महिन्यांची शिदोरी

बाईंच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, गावं राहत. मी अकोल्याची, जठारपेठेतली. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी मला ‘अकोला’ अशी हाक मारली, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. आमच्या मुख्याध्यापिका पुण्याच्या होत्या. त्यांना तोंडावर त्या ‘मोठ्या बाई’ म्हणत, पण खोलीवर आलं की, ‘‘आज पुणं लय चिडून होतं.’’ वर्गात तर अख्ख्या वऱ्हाडचा नकाशाच बसलेला असे. अंजनगावनं फळा पुसायचा, दर्यापूरनं हजेरी आणायची, आणि परतवाडा खिडकीबाहेर पाहत असली की खडूचा तुकडा नेमका परतवाड्याच्या वहीवर येऊन पडायचा.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा अमरावती अजून मध्य प्रदेशात होती. एकट्या मुलीला जागा मिळेना, म्हणून मोठ्या बाईंनीच मला बाईंच्या बिऱ्हाडी पाठवलं. शाळेमागच्या गल्लीत एका घराच्या माडीवर त्यांच्या दोन खोल्या होत्या. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझी वळकटी आत घेण्याआधी विचारलं, देवी कधी काढल्या होत्या? लहानपणी, मी म्हटलं. त्यानंतर? त्यानंतर नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात देवीची लस टोचायला घेऊन गेल्या. नोकरीचा माझा पहिला आठवडा सुजलेला दंड सांभाळण्यात गेला. फळ्यावर लिहिताना हात वर जात नसे आणि मुली गालातल्या गालात हसत. त्यांना कारण ठाऊक होतं. बाईंच्या शेजारी जो कोणी राहायला येईल त्याचं हे होणारच, असा शाळेत समज होता.

बाई शरीरशास्त्र आणि आरोग्यशास्त्र शिकवत. मुलींना गणित झेपणार नाही असं मानण्याचे ते दिवस, त्यामुळे मॅट्रिकला बहुतेक मुलींचा हाच विषय असायचा. बाई उंच, हाडकुळ्या, पायात जाड वहाणा, अंबाड्यात कधी कधी विसरलेला खडू. चेहऱ्यावर देवीचे वण, चांगले खोल. घर शेतकऱ्याचं. वडिलांनी शिकवलं, लग्नाचं जमलं नाही, आणि जमलं नाही याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. शुद्ध भाषा त्यांना उत्तम येत असे. पुस्तकातला परिच्छेद त्या स्वच्छ, खणखणीत उच्चारात वाचून दाखवत, मग पुस्तक मिटून म्हणत, ‘‘हे झालं परीक्षेसाठी. आता आपल्या भाषेत ऐका.’’ मोठ्या बाईंना हे खटकत असे. त्यांनी एकदोनदा सुचवूनही पाहिलं. पण बाईंच्या विषयात नापास होणारी मुलगी शोधून सापडत नसे, त्यामुळे ते सुचवण्यावरच राहिलं.

शेजारच्या वर्गात असले की बाईंचा तो एक धडा मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. दर वर्षी तो तसाच असे, आणि तरी मी माझं शिकवणं थांबवून ऐकत असे.

‘‘लेकरू मायच्या पोटात असते तवा माय त्याले नाळेतून नुसतं अन्न देत नाही,’’ बाई सांगत. ‘‘तिनं आयुष्यात जे दुखणं काढलं असन, जी लस टोचून घेतली असन, त्याच्याशी लढायचं सामान तिच्या रक्तात असते. पुस्तकात त्याले प्रतिद्रव्य म्हणतात. तुमी शिदोरी म्हणा. माय ते शिदोरी लेकरासंगं बांधून देते. मंग पयल्या दुधात, चिकात, आणखी थोडी देते. पण शिदोरी ते शिदोरी. सहा महिने पुरते, लय झालं तर थोडं जास्त. मंग लेकराले सोताचा सयपाक आला पाहिजे. लस म्हंजे लेकराले सयपाक शिकवणं.’’

मग एखादी मुलगी विचारायचीच, की सगळ्याच रोगांची शिदोरी मिळते का.

‘‘मायपाशी जे आहे तेच ते देईन ना. जिले कधी गोवर झालाच नाही, ते गोवराची शिदोरी कुठून बांधंन? अन् डांग्या खोकल्याची तर असून नसल्यासारखी. म्हणून त्याची लस लवकर.’’

एवढं झाल्यावर त्या खिडकीजवळ, उजेडात जाऊन उभ्या राहत आणि आपला चेहरा मुलींकडे करत. ‘‘इकडं पहा. मले देवी आल्या तवा मी नुकती पाळण्यातून उतरली होती. शिदोरी संपली होती अन् सयपाक कोणी शिकवला नव्हता. आता मले देवी होणार नाहीत, शरीर ते दुखणं विसरत नाही. पण एवढी महाग शिकवणी कोणी घेऊ नये.’’

स्वतःचा चेहरा असा तक्त्यासारखा वापरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

शाळेबाहेरही त्यांचं हेच. बाजारात ओळखीची बाई कडेवर मूल घेऊन भेटली की त्या आधी मुलाच्या बाहीत हात घालून दंडावरचा देवी टोचल्याचा वण शोधत, मग आईशी बोलत. बारशाला गेल्या तर पाळण्यावर वाकणाऱ्या प्रत्येकीला हात धुतले का विचारत. यजमानीणबाईंचा चेहरा उतरे, पण पुढच्या बारशालाही बोलावणं येई. अमरावतीत निम्म्या घरांतल्या सुना बाईंच्या विद्यार्थिनी होत्या, आणि त्या बोलावल्याशिवाय राहत नसत.

सगळ्यात जास्त बोभाटा झाला तो त्यांच्या आहेराचा. शाळेतल्या मुलीचं लग्न ठरलं की बाई एक पत्र्याची डबी तयार करत. तिच्यात कोरं ब्लेड, उकळून वाळवलेला पांढरा दोरा, स्वच्छ फडक्यांच्या घड्या आणि साबणाची एक वडी. बाळाची नाळ विळ्यानं किंवा घरातल्या गंजक्या सुरीनं कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, ही तेव्हाची सर्रास रीत. शेणामातीतून धनुर्वात नाळेत शिरतो. मूल चांगलं जन्मतं, रडतं, दूध पितं, आणि आठवडा होत आला की त्याचा जबडा घट्ट मिटतो. बाईंच्या डबीचा उद्देश एवढाच, की नाळ या ब्लेडनं कापावी, या दोऱ्यानं बांधावी, आणि दोन्ही आधी खळखळ उकळून घ्यावं. पोरींना वर्गात ते पाठ झालेलं असे. डबी आठवणीसाठी.

परतवाड्याची मुलगी, तिला मी या लेखात परतवाडाच म्हणते, तिचं लग्न माहेरी, परतवाड्यालाच लागलं. सासर हिवरखेडचं, काळ्या जमिनीचं, खातंपितं घर. आम्ही दोघी मोटारीनं गेलो होतो. मांडवात आहेर उघडून बघण्याची हौस एका मामीला झाली आणि डबीतलं ब्लेड नव्या शालूवर पडलं. लग्नाच्या मांडवात धारेचं पातं. बायकांत कुजबुज सुरू झाली. वरमाय, म्हणजे मुलीची सासू, उंचीनं लहान पण करारी बाई होती. तिनं ब्लेड दोन बोटांनी उचलून परत डबीत ठेवलं आणि डबी कुठून आली ते विचारलं. बाई पुढं झाल्या आणि नाळेपासून धनुर्वातापर्यंत सगळं भर मांडवात समजावून सांगितलं. नवरदेवानं मान खाली घातली, मुलीच्या वडिलांना कुठं पाहावं कळेना. सासूनं ऐकून घेतलं, डबीचं झाकण लावलं आणि म्हणाली, ‘‘माह्याजवळ राहीन हे. सांभाळून ठेवतो.’’ बाई समाधानानं जेवायला बसल्या.

लग्नाला वर्ष उलटून गेल्यावर, उन्हाळ्यापूर्वी एका दुपारी परतवाडा आमच्या माडीचा जिना चढून आली. वडील खालीच थांबले होते. ती इतकी वाळली होती की मी क्षणभर ओळखलं नाही. बाईंनी पाणी दिलं. ते तिनं प्यायलं नाही, हातातच धरलं.

‘‘मुलगा होता,’’ ती म्हणाली. ‘‘आठ दिवसही नाही झाले, दूध ओढेना. मग तोंडच उघडेना. मला कळलं होतं, बाई, काय झालं ते. तुम्ही शिकवलं होतं.’’ मग पेला खाली ठेवून, ‘‘डबी घरातच होती. कपाटात. चावी सासूबाईंकडं. मी कळा सोसत मागत होते. त्या म्हणाल्या, शुभ वेळेला ते पातं नको.’’

बाईंनी तिला आपल्या पलंगावर निजवलं आणि ती झोपेपर्यंत तिच्या पायांवरून हात फिरवत बसल्या. संध्याकाळी वडील तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी बाई शाळेत गेल्या, शिकवलं, परत आल्या. फडताळात पुढच्या लग्नसराईसाठी तयार करून ठेवलेल्या डब्या होत्या. त्या त्यांनी टाकल्या नाहीत, वाटणंही सोडलं नाही. पण मांडवात समजावून सांगणं बंद झालं. मला ते बघवत नसे. आरडाओरडा करणारी माणसं गप्प झाली की घर रिकामं वाटतं.

यातून त्या बाहेर आल्या ते वर्गातल्या एका प्रश्नामुळं. घटसर्प झालेल्या मुलाला जे औषध टोचतात ते घोड्याच्या रक्तापासून करतात, हा धडा चालला होता. घोड्याला आधी सोसेल एवढं विष टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्य तयार झालं की ते काढून आजारी मुलाला द्यायचं. म्हणजे दुसऱ्याची तयार शिदोरी. दर्यापूरनं, जी सहसा तोंड उघडत नसे, विचारलं की घोड्याला टोचून ते मुलाला द्यायचं, त्यापेक्षा आईलाच आधी टोचलं तर मुलाला आपोआप मिळणार नाही का. आणि तसं धनुर्वाताचंही करता येत नाही का.

‘‘उद्या सांगतो,’’ बाई म्हणाल्या. संध्याकाळी मला बरोबर घेऊन त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. डॉक्टरीणबाई कामानं थकलेल्या, पण बाईंचा प्रश्न ऐकून त्या सरळ बसल्या. करता येतं, त्या म्हणाल्या. धनुर्वाताची लस आहे, ती मोठ्या माणसांनाही टोचतात. आईला वेळेवर दोनदा टोचली तर तिच्या रक्तात तयार झालेलं नाळेतून मुलात उतरतं. कुठं कुठं तसं करू लागलेत असं त्यांनी ऐकलं होतं.

‘‘पण टोचू कोणाला?’’ त्या म्हणाल्या. ‘‘दिवस गेलेल्या बायका इथं येतच नाहीत. येतात त्या अडल्यावर.’’

‘‘बाया येत नाहीत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पोरी तर शाळेत रोज येऊन राहिल्या.’’

परत येताना त्या इतक्या भराभर चालत होत्या की मला पळावं लागत होतं. डबी सासूच्या कपाटात जाते, त्या म्हणत होत्या. रक्त कोण कपाटात ठेवंन?

अडचण एवढीच होती, की लग्नाच्या वयाच्या मुलींना होणाऱ्या मुलांसाठी टोचायचं म्हटलं तर एकही बाप तयार झाला नसता. शाळेचं मैदान टांग्यांच्या अड्ड्याला लागून होतं. घोड्यांची लीद वाऱ्यानं, पायांनी मैदानावर यायची, आणि मुली अनवाणी खेळायच्या. त्या वर्षी खेळाचा कधी वाराही न लागलेल्या बाईंनी खो-खोचा संघ काढला आणि मॅट्रिकच्या वर्गातली प्रत्येक मुलगी त्यात घेतली. त्यातल्या कित्येक जणी वर्षभरात एकदाही पळाल्या नाहीत. मग त्यांनी मोठ्या बाईंकडं अर्ज केला, की मैदानावर धनुर्वाताचा धोका आहे, तेव्हा खेळाडू मुलींना लस टोचून घेण्याची परवानगी मिळावी. मुलींना मात्र त्यांनी वर्गात सगळं खरं सांगितलं होतं. त्यांना अंधारात ठेवणं बाईंना जमलंच नसतं.

मोठ्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला. ‘‘मैदानाचं कारण मला पटतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाकी काही असेल तर ते माझ्या कानावर आलेलं नाही.’’ आणि सही केली. त्या दिवसापासून बाईंनी त्यांना खोलीवरही ‘मोठ्या बाई’ म्हणायला सुरुवात केली.

दवाखान्यातून नर्स आली. उकळलेल्या सुयांचा ट्रे मांडला. पहिली सुई बाईंनी स्वतःला टोचून घेतली, दुसरी मला घ्यायला लावली. अंजनगाव घेरी येऊन पडली आणि उठल्यावर सगळ्यांत जास्त ऐटीत हिंडली. दोन-तीन बाप विचारायला आले. बाई त्यांना मैदानावर नेऊन लीद दाखवत, आणि ते निमूट परत जात. महिना-दीड महिन्यानं दुसरी टोचणी झाली. पुढं दिवस गेले की आणखी एकदा येऊन जायचं, हे मुलींना बजावून झालं.

राहिली ती परतवाडा. तिच्यासाठी खो-खो नव्हता. दिवाळीला ती माहेरी आली आहे आणि तिला पुन्हा दिवस गेले आहेत, हे कळताच बाई मोटारीनं परतवाड्याला गेल्या आणि वडिलांना सांगून तिला अमरावतीला घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी लस टोचली. दुसरी टोचणी संक्रांतीच्या सुमाराला, पुन्हा माहेरी आणवून. सासरी कोणाला काही सांगितलं नाही. वडिलांची फार इच्छा होती की बाळंतपण अमरावतीच्या दवाखान्यात व्हावं. सासू म्हणाली, पहिलं माहेरच्या दाराशी न जाता इथंच झालं, हेही इथंच होईल.

मे महिन्याच्या सुट्टीत मी अकोल्याला घरी होते. एका सकाळी बाई हातात पिशवी घेऊन जठारपेठेतल्या आमच्या ओसरीवर उभ्या. परतवाडा बाळंत झाल्याचा निरोप आला होता. ‘‘चाल अकोला, हिवरखेडले,’’ एवढंच म्हणाल्या. माझ्या आईनं त्यांना बळेबळे जेवू घातलं आणि आम्ही अकोटवरून, मोटारी बदलत, उन्हात भाजत हिवरखेडला पोचलो.

मूल दोन दिवसांपूर्वी झालं होतं. मुलगाच. नाळ सुईणीनं विळ्यानं कापली होती, वर राख दाबली होती. सासूनं हे सगळं लपवलं नाही, विचारताच सांगितलं. परतवाडा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. मुलाला बोटानं गुळाचं पाणी चाटवत होते. बाई रागावतील असं मला वाटलं. त्या गोठ्याकडं बघत राहिल्या. दारात नुकतीच व्यालेली गाय होती.

‘‘मावशी,’’ त्यांनी सासूला विचारलं, ‘‘वासरू झालं की त्याले पयला चीक पाजता का पिळून फेकता?’’

‘‘फेकाचा कायले? चीक नाही भेटला तर वासरू जगत नाही,’’ सासू म्हणाली.

‘‘मंग हे लेकरू त्या वासराहून कमी आहे का?’’

सासूनं गुळाच्या पाण्याची वाटी उचलून नेली आणि मुलाला सुनेच्या कुशीत दिलं.

आम्ही तिथंच राहिलो. पोरीची शाळेतली बाई म्हणून कोणी जा म्हटलं नाही. घरात सगळे जपून बोलत होते, आणि कोणी म्हणत नसलं तरी सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते. संध्याकाळी भाकरी टाकताना सासूनं मला, माझ्याकडं न बघता, सांगितलं की तिची स्वतःची दोन लेकरं याच दुखण्यानं गेली होती. तेव्हा कोणीतरी म्हणालं, पाळण्याजवळ सुरी होती म्हणून. तेव्हापासून धारेची वस्तू ती लेकराजवळ येऊ देत नसे. नाळेपुरता विळा तेवढा चाले, कारण तो शेताचा.

बाई मुलाला उचलत नसत. नुसत्या जवळ बसत आणि ते पिताना होणारा आवाज ऐकत. तो चांगला पीत होता. मग आठवडा होत आला त्या दिवसांतली एक दुपार आली. बाहेर ऊन असं होतं की पत्रा तडतडत होता. परतवाड्यानं मुलाला जवळ घेतलं आणि त्यानं तोंड लावलं नाही. तिनं पुन्हा घेतलं. त्यानं मान वळवली आणि डोळे मिटले. परतवाडा रडली नाही. तिनं फक्त बाईंकडं पाहिलं. सासू दारात होती. तिनं चौकट धरली आणि खाली बसली.

बाईंनी साबणानं हात धुतले, सावकाश, नेहमीसारखे. मग मुलाजवळ बसून करंगळी त्याच्या ओठांत घातली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मुलाची हनुवटी हलली, जबडा सैल खाली आला आणि त्यानं ती करंगळी ओढायला सुरुवात केली.

‘‘ओढून राहिला,’’ बाई म्हणाल्या. ‘‘उन्हानं मलूल आहे. चादरी भिजवून आणा.’’

आम्ही खिडकीला, दाराला ओल्या चादरी लावल्या. ऊन उतरल्यावर मुलगा प्यायला, पोटभर, घाम येईपर्यंत. त्यानंतरचे दिवस तो पीतच राहिला.

निघण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी सासूला टोचण्यांचं सांगून टाकलं. तुमाले न विचारता केलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा. सासू उठून गोठ्यात गेली. सकाळी मात्र तिनं आमच्या पिशव्यांत तूरडाळ भरली आणि मोटारीपर्यंत पोचवायला आली.

वाटेत मी म्हटलं, तुमच्या लसीनं वाचलं बाळ. बाईंना ते आवडलं नाही. ‘‘तसं म्हणू नको, अकोला. विळ्यानं कापलेली सगळीच लेकरं मरत नाहीत. हे एक जगलं, एवढंच आपल्याले ठाऊक आहे.’’ पुढं वर्षानुवर्षं त्या मुलींकडून कळेल तसं मोजत राहिल्या, आणि आकडा बराच मोठा झाल्यावरच एकदा म्हणाल्या की आता बोलायला हरकत नाही. तोपर्यंत मी लग्न होऊन अकोल्याला परतले होते.

पण मला सांगायचं आहे ते बाळ झालं त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरचं. एका सकाळी हिवरखेडची ती सासू आमच्या माडीवर आली. बरोबर तिची धाकटी मुलगी, लग्न ठरलेली, सतरा-अठराची. सासूनं चहा घेतला, नातू रांगायला लागल्याचं सांगितलं, त्याला देवी टोचल्याचंही सांगितलं. मग मुलीचा हात धरून पुढं केला. ‘‘इले बी टोचून द्या. सासरची कशी भेटतीन, काय ठाव.’’

आम्ही टांगा करून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मुलीला टोचलं, दुसऱ्या टोचणीला कधी यायचं ते सांगितलं. परत मोटार स्टँडकडं जाताना मागच्या बाजूला बाई, सासू आणि ती मुलगी, पुढं टांगेवाल्याजवळ मी. रस्ता खड्ड्यांचा होता.

‘‘बाई,’’ सासू म्हणाली, ‘‘ते पयलं लेकरू. मी डबी उघडू देली असती तर जगलं असतं का?’’

मी मागं वळून पाहिलं नाही. मुलींना, त्यांच्या बापांना, मोठ्या बाईंना, भर मांडवात वऱ्हाडी मंडळींना, कोणालाही बाईंनी कधी उत्तर गोड करून दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

‘‘सांगता येत नाही, मावशी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘डबी उघडूनही कित्येक लेकरं जातात.’’

डबी ज्या ज्या घरात उघडली होती, त्यांतल्या एकाही घरातलं मूल धनुर्वातानं गेलं नव्हतं. बाईंना ते माहीत होतं, मलाही होतं. सासूनं शेजारी बसलेल्या लेकीचा टोचलेला दंड, खड्ड्यांचे हिसके लागू नयेत म्हणून, आपल्या तळहातावर घेतला आणि स्टँड येईपर्यंत तसाच उचलून धरला.